कंपनीचे उष्टे आणि गावाचा उकिरडा



जेवण झाल्यावर घरात जे मागे राहते त्याला आपल्याकडे एकच नाव नाही, हे तुमच्या कधी ध्यानात आले आहे का? पातेल्यात भात राहिला तर तो उरलेला. ताटात टाकला तर तो उष्टा. भांडी विसळताना शिते आणि पाणी निघते ते खरकटे. भाजी निवडताना निघतात ते देठ आणि साली. आणि वास आला, तार सुटली की ते नासके. अशी पाच नावे, आणि पाचांच्या पाच वाटा. उरलेल्या भाताला सकाळी फोडणी बसते. देठ-साली शेळीपुढे जातात. उष्टे दारच्या कुत्र्याला, खरकटे परसातल्या अळूला किंवा केळीला, आणि नासके तेवढे उकिरड्यात. ही विद्या कुणी पुस्तकातून शिकवली नाही. आजीकडून आईकडे आणि सासूकडून सुनेकडे ती चालत आली.

आता आमच्या भागातल्या एखाद्या मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनमागे जाऊन पाहा. तिथे निळी प्लॅस्टिकची पिंपे ओळीने उभी असतात. पातेल्यातला भात, ताटातली भाजी, साली, ताकाचे कागदी पेले, हात पुसलेले कागद, लोणच्याच्या पुड्या, सारे एकाच पिंपात. त्या सर्वांना मिळून नावही एकच, ‘वेस्ट’. नावे गेली आणि नावांबरोबर वाटाही गेल्या. मग त्या पिंपाला एकच वाट उरते, ती म्हणजे जवळचे गाव.

मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झालो आणि कृषी विस्ताराच्या कामाला लागलो. नोकरीची बरीच वर्षे खेड, मावळ आणि हवेली या तीन तालुक्यांत गेली. बियाणे, खते, माती परीक्षण, कांद्यावरचा करपा हे माझे नेहमीचे विषय. पण गेल्या काही वर्षांत शेतकरी मला निराळेच प्रश्न विचारू लागले आहेत. ‘साहेब, कंपनीचा भात म्हशीला घालू का?’ ‘कंपनीचे खरकटे वावरात टाकले तर चालेल का?’ या प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात देता येत नाहीत, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

जमीन गेली, पंगत बसली

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९६६ पासून टेल्कोचा कारखाना पिंपरीत उभा राहू लागला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स तर त्याही आधी, १९५४ साली, पिंपरीत आली होती. ज्वारी-बाजरीची शेते मागे सरली आणि चाळी, शेड, धुराडी पुढे आली. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे तीच लाट इंद्रायणी ओलांडून चाकणला पोचली. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी ही नावे एके काळी कांदा-बटाट्याच्या गाड्यांवरून ओळखीची होती. आज ती मोटारींच्या कारखान्यांच्या पत्त्यात वाचायला मिळतात.

कारखाना आला की कॅन्टीन येतेच. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असतील तिथे कॅन्टीन बंधनकारक केले. २०२० च्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा १०० वर आणली गेली. म्हणजे या पट्ट्यात रोज केवढी मोठी पंगत उठते याचा अंदाज तुम्हीच करा. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी, चूल काही विझत नाही.

आणि या पंगतीत बसतो कोण? तुमचाच मुलगा, पुतण्या, भाचा, आता तर सूनही. ताटातले अन्न तरी कोणाचे? कांदा चाकणच्या बाजारातून गेलेला. भात कदाचित मावळातल्या इंद्रायणीचा. आंबेमोहोराचा वास आणि आयआर-८ चे उत्पन्न एकत्र आणणारा हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिला, १९८७ साली. एक किलो तांदूळ पिकवायला साधारण अडीच हजार लिटर पाणी लागते असे भाताचे शास्त्रज्ञ सांगतात. चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी करताना पाठीची काय गत होते ते शास्त्रज्ञांनी सांगायची गरज नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा कॅन्टीनच्या पिंपात काय पडते हा कंपनीच्या मॅनेजरइतकाच आपलाही प्रश्न आहे.

पिंप भरते कसे

एका कारखान्याने मला त्यांच्या बागेतला कंपोस्ट खड्डा पाहायला बोलावले होते. खड्ड्याला घाण वास येतो, माश्या होतात, काहीतरी औषध सांगा, असे त्यांचे म्हणणे. खड्डा पाहिला. पण मला वाटले, खड्ड्याचे दुखणे खड्ड्यात नसणार. म्हणून दुपारच्या जेवणाला तिथेच थांबलो आणि नुसता पाहत बसलो.

सुटी अर्ध्या तासाची. हात धुवायची रांग, ताट घ्यायची रांग. माणूस ताटापर्यंत पोचतो तेव्हा दहा-बारा मिनिटे संपलेली असतात. परत भात घ्यायला उठले तर पुन्हा रांग. म्हणून तो काय करतो? एकदाच सगळे घेतो. चार पोळ्या, भाताचा डोंगर, दोन वाट्या आमटी. भूक असते त्याहून अधिकच घेतो, कारण दुसरी संधी नाही. घाईघाईत जेवतो, भोंगा होतो, उरलेले पिंपात लोटतो. हा माणूस घरी माजोरी नसतो. घरी आई वाढते, त्याला हवे तेवढेच वाढते. इथे रांग वाढते.

मग आचाऱ्याला विचारले, ‘अंदाज कशावरून बांधता?’ तो म्हणाला, ‘कालचा आकडा आणि वर थोडे. कमी पडले तर दहा जण ओरडतात, उरले तर कुणी विचारत नाही.’ या एका वाक्यात अर्ध्या पिंपाचे कारण आले. रजेवर किती गेले, जादा पाळीला किती थांबले, उपवास कोणाला, हे सकाळी आठ वाजता आचाऱ्याला कळले तर तांदूळ मोजून पडेल. ते त्याला कुणी सांगत नाही.

मी त्यांना औषध दिले ते असे. एका पिंपाऐवजी तीन पिंपे ठेवा आणि रोज तिन्हींचे वजन करा. पहिल्यात निवडण-साली, दुसऱ्यात पातेल्यातले उरलेले, तिसऱ्यात ताटातले उष्टे. कागद-प्लॅस्टिकला वेगळी टोपली. वैद्य जशी नाडी पाहतो तशी ही तीन वजने बोलतात. पहिले पिंप जड झाले तर खरेदीत किंवा चिरण्यात खोट आहे, भाजी जून आली असेल. दुसरे जड झाले तर माणसांचा अंदाज चुकतो आहे. तिसरे जड झाले तर वाढण्यात किंवा चवीत काहीतरी बिघडले आहे. सगळे एकत्र असले की कुठे काय बिघडले ते कळतच नाही. दुसऱ्यांदा भात-पोळी घ्यायला रांगेबाहेर एक वेगळे टेबल ठेवा आणि भाताचा डाव लहान करा. ‘आणखी मिळेल’ याची खात्री असली की माणूस आधी थोडेच घेतो, हा पंगतीचा जुना अनुभव आहे. भात एकदम न शिजवता दोन-तीन वेळा घाणे काढून शिजवा. आणि कालच्या उष्ट्याचे वजन रोज फळ्यावर लिहा. उपदेशाची पाटी कुणी वाचत नाही, पण आकडा सगळे वाचतात.

हिशेब करून पाहा. हजार माणसे जेवतात आणि प्रत्येकाने फक्त ५० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन घास टाकले, तर दिवसाला ५० किलो झाले. वर्षाला ३०० दिवस धरले तर १५ टन, म्हणजे दीडशे क्विंटल शिजलेले अन्न. थेंबे थेंबे तळे साचते, तसा घासाघासाने उकिरडा साचतो. हे दुखणे केवळ आपलेच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली जो अहवाल दिला त्याप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घरांतून आणि २८ टक्के हॉटेल-कॅन्टीनसारख्या ठिकाणांहून. म्हणजे कंपनीकडे बोट दाखवताना आपल्या लग्नाच्या पंगतीकडे आणि बाराव्याच्या जेवणाकडेही थोडे पाहायला हवे.

फुकटचे महाग पडते

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. कॅन्टीनचा भात, पोळ्या फुकट मिळतात, दुभत्या जनावराला घातल्या तर बिघडले कुठे?

चाकणजवळच्या एका गावातली गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याच्या ओळखीने कारखान्यातून दोन पिंपे भात-पोळी आली. त्या दिवशी कसलासा कार्यक्रम होऊन जेवण उरले होते. दारात चार म्हशी. इतके चांगले अन्न टाकवेना, म्हणून त्याने सायंकाळी घमेल्याने भरभरून घातले. म्हशींनीही आवडीने खाल्ले. पहाटे त्यांतली एक रवंथ करीना, दात खाऊ लागली, पोट डबडबलेले, शेण पातळ आणि आंबूस. पशुवैद्य येईपर्यंत ती बसली ती उठलीच नाही. दुसरी कशीबशी वाचली. त्या घरातल्या बाईने मला विचारले, ‘साहेब, विष होते का हो त्यात?’ विष नव्हते. भातच होता.

याचे कारण समजून घ्या. गाई-म्हशीचे कोठीपोट हा एक मोठा आंबवणीचा हौद आहे. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात आणि कडबा, गवत हळूहळू पचवतात. शिजलेला भात, पोळी, पाव, गूळ हे पदार्थ तिथे भराभर आंबतात. एकदम भरपूर पोटात गेले की आम्ल इतके वाढते की चारा पचवणारे जीव मरतात, पोट थांबते आणि ते आम्ल रक्तात उतरते. यालाच आम्लधर्मी अपचन म्हणतात. तेव्हा जनावराला सवय नसताना शिजलेले अन्न घमेल्याने कधीही घालू नका. घालायचेच तर ताजे, मूठ-दोन मूठ, कोरड्या चाऱ्यात मिसळून. आणि जास्त खाल्ल्याचे कळले तर सकाळची वाट न पाहता रात्रीच डॉक्टरांना बोलवा.

दुसरी गोष्ट मांसाहाराची. ज्या पिंपात मटणाचे, अंड्याचे उष्टे मिसळले आहे ते गाई-म्हशी-शेळ्यांना मुळीच घालू नये. डुकरे पाळणारे असे पिंप आनंदाने नेतात, पण त्यातही धोका आहे. २००१ साली इंग्लंडात लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली. तिचा माग काढला तेव्हा ती एका वराहपालकाच्या गोठ्यापर्यंत पोचली. तिथे हॉटेलांचे उष्टे न उकळता डुकरांना घातले जात होते. साथ थांबवण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली आणि त्या देशाने डुकरांना उष्टे घालण्यावर बंदी आणली. आपल्याकडे २०२० साली आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. त्याच्या प्रसाराची एक वाट उष्ट्या अन्नातूनच जाते. तेव्हा डुकरांसाठी नेणाऱ्याने ते तासभर खळखळून उकळल्याशिवाय घालू नये.

तिसरी गोष्ट जमिनीची. ‘खरकटे कुजून खत होईल’ म्हणून ते तसेच वावरात ओतणारे मी पाहिले आहेत. पण कॅन्टीनच्या अन्नात मीठ आणि तेल असते. तेल मातीच्या कणांवर बसते, हवा कोंडते. मीठ तर दर ट्रॉलीबरोबर साचत जाते. आणि आपले इकडचे मुख्य पीक कोणते? कांदा. कांदा हे क्षार न सोसणाऱ्या पिकांपैकी आहे. पात टोकाकडून जळते, गड्डा पोसत नाही, आणि आपण करप्याचे औषध मारत बसतो.

चौथी गोष्ट ओढ्याची. रात्रीच्या अंधारात ट्रॉली ओढ्यात रिकामी करून जाणारे महाभाग कमी नाहीत. उष्ट्यावर कुत्री आणि डुकरे जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागात राहणाऱ्यांना यापुढचे सांगायला नको. संध्याकाळी लेकरू अंगणात खेळते तिथून उष्ट्याचा ढीग किती लांब आहे, हे एकदा पाहून या.

ज्याची त्याची वाट

मग या अन्नाचे करावे तरी काय? उत्तर आजीच्या पाच नावांतच आहे. ज्याला जे नाव, त्याला ती वाट.

पातेल्यातले उरलेले, हात न लागलेले अन्न हे माणसाचेच आहे. ते माणसाच्या पोटात गेले पाहिजे. असे अन्न गोळा करून वाटण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली वेगळे नियम केले, त्यामुळे कंपनीला ‘कायद्याची भीती वाटते’ म्हणायचे कारण राहिले नाही. पथ्य एवढेच की अन्न गरम असतानाच झाकून निघाले पाहिजे आणि त्याच वेळी खाल्ले गेले पाहिजे. दुपारचा भात रात्री वाटायला निघाला तर पुण्याऐवजी पाप पदरी पडायचे.

निवडण-साली वेगळ्या ठेवल्या तर शेळ्या-गाईंना चालतात. कोबीची पाने, मेथीचे देठ, मटारच्या शेंगा हे जनावराचेच खाद्य आहे. फक्त सडके आणि हिरवे पडलेले बटाटे बाजूला काढा.

राहिले उष्टे आणि खरकटे. त्यांची सर्वांत चांगली वाट गॅसच्या हौदातून जाते. गोबरगॅस तुम्हाला नवा नाही. आपल्या शेजारच्या देहूत डॉ. सुहास मापुसकर यांनी गावात संडास उभे करण्यासाठी सारे आयुष्य वेचले आणि संडासाला जोडलेले गॅस संयंत्रही करून दाखवले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्या गोष्टीला हात लावायला लोक तयार नसतात तिच्यातून चूल पेटते, हे त्यांनी तुकोबांच्या गावात सिद्ध केले.

उष्ट्या अन्नाच्या बाबतीत पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने, मोठे काम केले. त्यांचा विचार साधा आहे. शेणातून गॅस करणारे जीव येतात कुठून? जनावराच्या पोटातून. तिथे ते काय खातात? जनावर खाते तेच. मग त्यांना पचून गेलेले शेण देण्यापेक्षा सरळ अन्नच का देऊ नये? शेणाला जिथे ४० किलो माल आणि ४० दिवस लागतात, तिथे दोन किलो पिठूळ खाद्यातून दिवसाभरात तेवढा गॅस मिळतो, असा त्यांचा हिशेब आहे. या संयंत्राला २००६ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. अर्थात ते दोन किलो कोरडे खाद्य. कॅन्टीनच्या उष्ट्यात तीन हिस्से पाणीच असते, हे विसरू नये. ओल्या १०० किलो उष्ट्यातून साधारण ८ ते १० घनमीटर गॅस धरावा. म्हणजे रोजचा सुमारे चार किलो सिलिंडरच्या गॅसइतका. दर तीन-चार दिवसांनी घरातली एक टाकी भरल्यासारखे झाले.

मात्र हौदाचे पोटही म्हशीच्या पोटासारखेच असते. पहिल्याच दिवशी पिंपेच्या पिंपे ओतली तर तेही आंबते, आम्ल वाढते आणि गॅस बंद पडतो. किती तरी संयंत्रे अशी बंद पडून गंजत उभी आहेत आणि दोष मात्र यंत्राला मिळतो. सुरुवात शेणाने करावी, मग उष्टे थोडे थोडे वाढवत न्यावे, आणि एखादा दिवस गॅस कमी झाला तर खाद्य वाढवण्याऐवजी थांबवावे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ या संयंत्रात यावर चांगला तोडगा काढला. तिथे हौद दोन. पहिल्यात बारीक केलेले उष्टे गरम पाणी आणि हवा देऊन आधी आंबवायचे, मग दुसऱ्या बंद हौदात गॅस करायचा. करवंट्या, हाडे, अंड्याची टरफले आणि प्लॅस्टिक मात्र एकाही हौदाला पचत नाही.

गॅस निघाल्यावर जी रबडी राहते ते खत. ती पाण्याबरोबर सोडावी किंवा शेणखतात मुरवून घालावी. वर्षातून एकदा माती तपासून क्षार पाहावेत आणि कांद्याच्या वावरापेक्षा आधी उसाला, गवताला, नारळाला द्यावी.

ज्यांना गॅस जमत नाही त्यांनी कंपोस्ट करावे. पण उष्टे एकटे कधी कुजवू नये. एक टोपले उष्टे, दीड-दोन टोपली वाळलेला पाला, पाचट किंवा भुसा, वर थोडे शेण आणि माती. पुसदच्या नाडेपकाकांची विटांची भोके ठेवलेली टाकी तुम्ही पाहिली असेल. भोके कशाला? हवेला. हवा असली की वास नाही. मूठभर माल दाबून पाहा, लाडू झाला पाहिजे पण पाणी गळता कामा नये. आठ-दहा दिवसांनी वरखाली करा. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत होते. गांडुळे मात्र यात घाईने सोडू नका, मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही. त्या कारखान्याच्या बागेतल्या खड्ड्यालाही दुखणे हेच होते. भरपूर भात, वर पाणी आणि वाळलेला पाला मात्र बाजूला जाळून टाकत होते!

गावाने काय मागावे

शेवटी एक रोखठोक गोष्ट. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी सांगितले की दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्याने आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा. म्हणजे कंपनीचे उष्टे ही मुळात कंपनीची जबाबदारी. गावाने ते पत्करले तर तो गावाचा मोठेपणा, आणि त्या मोठेपणाला अटी असायला हरकत नाही. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे सोसला. विहिरी बिघडल्या, आंदोलने झाली, तेव्हा कुठे लोकांचे तिकडे लक्ष गेले. मोशीला १ ऑगस्ट २०२३ रोजी कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प सुरू झाला, ते चांगलेच आहे. पण भिजलेला भात जाळून वीज करणे म्हणजे ओली लाकडे फुंकत बसणे. ओल्याची वाट निराळीच काढायला हवी.

तेव्हा कोणी ट्रॉली दारात आणून उभी केली, तर सरपंचांनी आणि घरच्या कारभारणीनेही पुढील गोष्टी विचाराव्यात. माल निवडलेला आहे का? कागद, प्लॅस्टिक, हाडे निघाली तर ट्रॉली परत जाईल. माल ताजा आहे का? काल दुपारचे पिंप आज संध्याकाळी नको. किती आणि किती दिवस, ते लेखी आहे का? तोंडी करारात पावसाळ्याचे चार महिने नेमके सुटतात. आणि खर्च कोण देणार? पाचट, मजुरी, हौदाची दुरुस्ती हे फुकट होत नाही. कंपनीला कचरा उचलायला कंत्राटदार लागतो, त्याला ती पैसे मोजते. तेच काम गावातल्या बचत गटाने नीट केले, तर तेच पैसे त्याला मिळायला हवेत. खत मिळते म्हणून मजुरी सोडू नका. ‘फुकट’ म्हणून घेतलेली गोष्ट पुढे आपल्याच ओढ्यात वाहते.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात असे आपले जुने लोक म्हणत. आमच्या पट्ट्यातल्या उकिरड्याचे पांग फिटायला बारा वर्षे लागू नयेत. त्यासाठी मोठी यंत्रे नंतर येतील. आधी कॅन्टीनमागे एकाची तीन पिंपे झाली पाहिजेत, आणि ते काम तिथे कामाला जाणारी आपलीच मुले करू शकतात. वेल्फेअरच्या साहेबांना, कामगार संघटनेला, कॅन्टीन समितीला हे सांगणारा कुणीतरी आतला माणूस लागतो. तो तुमच्या घरातच आहे. आज तो पाळीवरून आला की त्याला विचारा, ‘बाबा, तुमच्या इथे भात किती उरतो, आणि तो जातो कुठे?’ त्याला उत्तर ठाऊक नसेल, तर उद्या पाहून यायला सांगा.

तुमच्या गावात अशी ट्रॉली येत असेल, किंवा कुणी गॅसचा, खताचा प्रयोग चांगला चालवला असेल, तर जरूर कळवा. बंद पडलेल्या हौदाची हकीकत असली तरी ती हवीच आहे. तिच्यातूनही पुष्कळ शिकता येते.